वैशालीच्या मशीनचं मोजमाप

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या लबाड्या तोंडपाठ आहेत. कुठल्या लग्नाला पोटदुखीचं निमित्त करून गेलो नाही, सिगारेट सोडली म्हणून डॉक्टरांना कसं ठोकून दिलं – ती चारचौघांत रंगवून सांगते आणि मीही हसतो. ही एक मात्र तिला ठाऊक नाही. आई गेली, तिलाही नव्हती. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका – मला नीट सांगता यायचं नाही. दुपारी डोळा लागता लागता माणूस कधी कधी मोठ्यानं काहीतरी बोलून जातो, तसं समजा.

दुपारच्या झोपेचं नाव निघालं ते बरं झालं, कारण ते दिवस आठवले की मला आधी झोपच आठवते. मंचेरियलची उन्हाळ्यातली दुपार. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि आत आमच्या मशीनच्या खोलीत एवढा गारठा की मी स्वेटर घालून बसायचो. खिडक्यांना निळे पडदे होते. ऊन त्यांतून गाळून यायचं आणि सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटायची. स्टेशनाकडून कोळशाच्या वाघिणींचा खडखडाट यायचा – लांबच लांब, संपतच नसे. पंख्यांची घरघर चालू असायची. मी जागा आहे की झोपलोय हे माझं मलाच कळत नसे, आणि त्या गुंगीत मी नोकरीची कितीतरी वर्षं काढली.

तेव्हा तेलंगण वेगळं झालेलं नव्हतं, दुकानांच्या पाट्यांवर आंध्र प्रदेशच होतं. शाळा-कॉलेजांची कॉम्प्युटरची कामं घेणारी एक छोटी कंपनी होती. आता ती नाही, तिचं नाव घेण्यात अर्थ नाही. मी तिथे मशीन सांभाळायचो. हुद्द्याला भारदस्त इंग्रजी नाव होतं, पण काम रखवालदाराचंच. आमचे आजोबा निजामाच्या काळात दफ्तरात मुन्शी होते आणि आई सगळ्यांना सांगायची, की माझा मुलगा पण दफ्तरच सांभाळतो, फक्त त्याचं दफ्तर थंड असतं.

त्या खोलीत खरी मशीन एकच होती. आम्ही तिला 'मोठी' म्हणायचो. बाकीच्या सगळ्या तिच्या पोटात – ज्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्या. हात लावायला गेलात तर काहीच नाही, पण मोठीच्या पडद्यावर बघा, तर जी ती आपापला संसार थाटून बसलेली. एक एका कॉलेजच्या हॉल तिकिटांची, एक हजेरीची, एक निकालांची. प्रत्येकीची समजूत अशी, की प्रोसेसर, म्हणजे मशीनचा मेंदू, आपल्या एकटीचाच आहे. खरं तर मोठी तो सगळ्यांत वाटून द्यायची. क्षणभर हिला, क्षणभर तिला. ज्या क्षणी मिळाला नाही त्या क्षणी ती मशीन थबकलेली असायची – आणि आपण थबकलोय, हे तिच्या गावीही नसायचं.

हे तुम्हाला कशाला सांगतोय? त्याच्याशिवाय पुढचं कळायचं नाही म्हणून.

झोपून उठलेल्या माणसाला विचारा, किती वेळ झोपला होतास? तो काहीतरी ठोकून देईल. शेजारी जो जागा बसला होता, खरं त्यालाच माहीत. मशीनचंही तसंच. प्रोसेसर किती वापरलास, असं आत शिरून तिलाच विचारलं तर ती सांगते ते भरवशाचं नसतं. ते बाहेरून, मोठीवरूनच मोजावं लागतं. आणि तिथेही पडद्यावरच्या आकड्यावर एकदा नजर टाकून भागत नाही. मोठीच्या प्रोसेसरला अनेक कोअर होते, म्हणजे एकाच वेळी राबणारे अनेक मेंदूच म्हणा, आणि एका कोअरचे शंभर टक्के म्हणजे सगळ्या मशीनचे शंभर टक्के नव्हेत – चांगली शिकलेली माणसं इथे फसायची. मी काय करायचो, तर मोठीनं कोणाला आजवर एकूण किती वेळ दिला ते एकदा वाचायचो, थोडं थांबून पुन्हा वाचायचो. मग तो फरक मधल्या वेळानं आणि कोअरच्या संख्येनं भागायचो. त्यासाठी एक छोटा प्रोग्राम मी स्वतः लिहिला होता. आयुष्यात मी धड केलेलं ते एकच काम असेल. त्याचं माप चुकत नव्हतं. म्हणजे बघा – कळलं नाही, असं म्हणायची सोयसुद्धा माझ्याकडे नाही.

हं. मी अजून टाळतोय. वैशालीचं सांगतो.

वैशाली वांकिडीकडची. बौद्ध कुटुंबातली, वडील एके काळी लोकांच्या शेतात मजुरी करायचे. थोरला भाऊ शिकून मास्तर झाला आणि त्यानं हिला शिकवलं. ती आमच्याकडे प्रोग्राम लिहायला आली, तेव्हा मला वाटलं होतं की महिन्याभरात कंटाळेल. उंच, सडसडीत, बोलताना तुमच्याकडे न बघता खिडकीकडे बघणारी. आवाज असा, की दुसऱ्यांदा विचारावं लागे. पण कामाला बसली की तिला चहा आणून ठेवला तरी पत्ता नसायचा.

तिनं एक गोष्ट केली होती, कोणी न सांगता. आमच्या जिल्ह्यात महाराष्ट्राच्या सरहद्दीवरच्या गावांत मराठी शाळा होत्या, पण दहावीच्या सरावाचं म्हणून जे काही यायचं ते तेलुगूत, नाहीतर इंग्रजीत. ती स्वतः दहावीला होती तेव्हा शेजारच्या मुलाकडून तेलुगू वाचून घेत घेत तिनं गणितं सोडवली होती. म्हणून तिनं मराठीतून सराव परीक्षा घेणारा प्रोग्राम लिहिला. मूल एखादं गणित चुकलं की नेमकं कुठे चुकलं ते तो ओळखायचा आणि पुढचं गणित अगदी त्याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवणारं द्यायचा. आमच्या साहेबांनी तिला मोठीच्या पोटात एक मशीन देऊन टाकली. तिचं नाव 'सराव'. वांकिडीच्या शाळेत मुलं कॉम्प्युटरसमोर बसायची आणि त्यांची गणितं आमच्या त्या निळ्या खोलीतून जायची.

मी एकदा तिच्यासोबत ते बघायला गेलो होतो. कौलारू वर्ग, खिडकीतून कापसाची शेतं दिसत होती, मुलं अगदी गप्प. एका मुलीनं वैशालीला हळूच विचारलं, की माझं कुठे चुकते ते ह्या मशीनले कसं काय कळते? वैशाली नुसती हसली. तिला तसं हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी झोपी गेली आणि मी जागा राहिलो. मला फार बरं वाटत होतं – आणि फार वाईटही.

वाईट का? कारण असं काहीतरी मीही करणार होतो, कधीपासून. दुपारच्या गुंगीत मी किती प्रोग्राम लिहिले असतील त्याची गणती नाही. जाग आली की हाती काही नसायचं. आणि दुसरंही एक कारण होतं, ते मी स्वतःशीसुद्धा उच्चारत नव्हतो. आईला मी वैशालीबद्दल कौतुकानं सांगितलं, तेव्हा आईनं गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि आठवून म्हणाली की हिची आजी तुझ्या मामाच्या शेतात निंदायला यायची. वाईट काही बोलली नाही. आमच्या घरात वाईट कोणीच बोलत नाही. "शिकली का मग" एवढंच म्हणाली आणि पुन्हा भाजी निवडू लागली. पण जे आईनं म्हटलं नाही ते माझ्या मनात आधीपासून होतंच – मामांच्या शेतात निंदणारीच्या नातीला हे जमतं, आणि मला जमत नाही?

तर मी तिच्या मशीनची नक्कल केली. मोठीवर ते सोपं होतं, बसल्या जागी एक मशीन जशीच्या तशी दुसरी उभी राहते. वैशालीला विचारलं नाही. नाव दिलं 'सराव-दोन', आणि आत शिरून तिचा प्रोग्राम उसवत बसलो. गणित निवडायची तिची युक्ती मला हवी होती. थोडी इकडेतिकडे करून साहेबांना माझी म्हणून दाखवायची होती. ही चोरीच, दुसरं काय? पण मला जे सांगायचंय ते हे नाही. तेवढ्यावर थांबलो असतो तर एवढी वर्षं गप्प बसायचं कारण नव्हतं.

उसवलेलं मला शिवता आलं नाही. कुठेतरी असा घोळ घातला की प्रोग्राम एकाच जागी गरगर फिरत राहिला. मी तो तसाच चालू ठेवून जेवायला गेलो आणि आल्यावर, सवयीनं, खुर्चीतच डोळे मिटले.

साहेबांच्या आवाजानं जागा झालो. साहेब वरंगलकडचे, आमच्याशी हिंदीत बोलायचे. हॉल तिकिटांची मशीन अडली होती, तिकडे कॉलेजात पोरं खोळंबली होती आणि प्रिन्सिपॉल फोनवर फोन करत होते. कोणती मशीन एवढं खाते ते बघ, म्हणाले, आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. मी माझा प्रोग्राम चालवला. थोडं थांबलो. माप पडद्यावर आलं.

वैशालीची मशीन जवळजवळ निवांत होती. सराव-दोन मोठीचा निम्म्याहून जास्त प्रोसेसर गिळून बसली होती.

साहेबांच्या डोळ्यांत भरलं ते फक्त 'सराव' हे नाव. ही त्या वैशालीची ना, असं त्यांनी विचारलं.

त्या क्षणाचा मी फार विचार केलाय. काय झालं असतं – माझी एक चाचणी चुकून चालू राहिली, असं मी म्हटलं असतं तर? साहेब चिडले असते, चहापर्यंत विसरले असते. त्यांच्या रागाला कोणी घाबरत नसे. पण मग, चाचणी कसली, हे वैशालीच्या कानावर गेलं असतं. तिनं तिच्या त्या बारीक आवाजात विचारलं असतं, की माही मशीन तुमी काऊन उघडली? त्या प्रश्नाला मी भ्यालो. मी तोंड उघडलं आणि साहेबांना समजावून सांगू लागलो – बाहेरून मोजायचं म्हणजे काय, कोअर म्हणजे काय, आतला आकडा कसा फसवा असतो. खूप बोललो. आणि बोलता बोलता दोन्ही मशीनची बेरीज करून ती एकीची म्हणून सांगितली.

साहेब म्हणाले, सगळ्या परीक्षा होईपर्यंत ती सराव बंद ठेव, हॉल तिकिटं आधी. मी बंद केली. तिच्यासोबत नक्कलही गुपचूप बंद केली आणि पुसून टाकली. हॉल तिकिटं लगेच धडाधड निघायला लागली, आणि साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझं निदान अचूक ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी वैशाली माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. खिडकीकडे बघत म्हणाली, "भाऊ, मी काल आतून पाह्यलं होतं. माही मशीन त निवांत होती. मंग हे कसं?"

"आतून कळत नसते, वैशाली," मी म्हणालो. "ते बाहेरूनच मोजा लागते."

आणि मग तिला ते झोपलेल्या माणसाचं सांगितलं – मघाशी तुम्हाला सांगितलं तेच, त्याच शब्दांत. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली. तिला पटलं. पटणारच होतं, कारण त्यातलं अक्षर न् अक्षर खरं होतं. मोठीवर शिरून मोजायचा अधिकार माझ्या एकट्याकडे होता, तिला पडताळून बघायला दुसरी वाट नव्हती. आणि खरं सांगू? तिला माझ्यावर संशय घ्यायचं सुचलंच नाही.

त्यानंतर ती प्रोग्राम हलका करत बसली. आठवडेच्या आठवडे. कोपऱ्यातलं टेबल, तिच्या पाठीवर तो निळा उजेड, आणि ती जिथे चूक नव्हतीच तिथे चूक शोधतेय. केलेलं पुसायची, पुन्हा लिहायची. मधून मधून येऊन म्हणायची, भाऊ, एकदा चालू करून मोजून पाहता का? मी मोजायचो. माप पहिल्यापासून होतं तेवढंच, नगण्य. मी तिला सांगायचो, थोडा फरक पडला आहे, अजून बघ. आता मशीन ठीक आहे, असं म्हणायची मला भीती वाटायची – मग ती विचारेल, की मी असं काय बदललं? आणि बिघडलेलं तर मुळात काहीच नव्हतं. म्हणून मी तिला पुन्हा त्या टेबलावर पाठवायचो. त्या दिवसांत मला एक विचित्र स्वप्न पडायचं. वांकिडीचा तो वर्ग, कॉम्प्युटरचे सगळे पडदे काळे, मुलं गप्प बसून वाट बघताहेत, आणि कोणी मला काही विचारत नाही. मी खिडकीतून कापूस बघत उभा. स्वप्नात मला अजिबात वाईट वाटत नसे. सगळं शांत असायचं.

दहावीची परीक्षा आली आणि झाली. वांकिडीच्या मुलांनी ती सरावाशिवाय दिली. त्यांचे निकाल आमच्याच निकालांच्या मशीनमध्ये होते. मी ते कधी उघडून पाहिले नाहीत. वैशालीनं उन्हाळा संपता संपता नोकरी सोडली. सगळ्यांसाठी तिनं पेढे आणले होते, आणि माझ्या हातावर दोन ठेवले.

इथे संपलं असतं तर मी कदाचित तुम्हाला हे सांगितलंही नसतं. पण पुढे काही वर्षांनी मी कामासाठी आदिलाबादला निघालो होतो आणि बस इचोड्याला थांबली. ट्रक ओळीनं उभे, तळणाचा वास, धूळ. मी चहा घेऊन बाकावर टेकलो, तर मागून कोणी म्हणालं, दिगंबरभाऊ न?

वैशाली. चष्मा लागला होता, जरा भरली होती. इथल्याच मंडल कार्यालयात, म्हणजे तहसिलीत, क्लार्क आहे, असं तिनं सांगितलं. कॉम्प्युटरचं विचारलं तर म्हणाली, टायपिंगपुरता. आता ती माझ्याकडे बघून बोलत होती. सोबत तिची भाची होती, प्रज्ञा. बारावी झालेली, मास्तर भावाची मुलगी, कॉलेजच्या प्रवेशासाठी आदिलाबादला निघालेली. तिला बसवून द्यायला वैशाली आली होती.

"तुमी तवा तोंडावर सांगतलं ते लय बरं झालं, भाऊ," वैशाली म्हणाली. "नाही त मी अजून त्याच्यातच गुतून राह्यली असती. मले आतून सगळं ठीकच दिसे."

ती बोलतच होती. प्रज्ञाला कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग घ्यायचं होतं, गणितात हुशार होती, घरातले सगळे तयार होते. वैशालीनंच तिला अडवलं होतं.

"मी इले म्हटलं, नको बाई. आपल्या लोकायले वाटते का जमलं, पण ते आपल्यालेच वाटते. बाहेरून पाहणाऱ्याले खरं कळते." मग माझ्याकडे वळली. "तुमी सांगा न इले. तुमी त मोजलं होतं."

तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, टोमणा नव्हता. भाचीचं भलं व्हावं एवढंच होतं. प्रज्ञा माझ्याकडे बघत होती. खांद्याला बॅग, कपाळावर घाम, आणि नजर अशी, की मी काहीतरी वेगळं बोलेन याची तिला आशा होती. ती आशा अगदी उघड दिसत होती. ट्रकांचे हॉर्न वाजत होते, ते फार लांबून येत असल्यासारखे वाटले.

"आत्या म्हणते ते बरोबर आहे," मी म्हणालो.

प्रज्ञानं मान खाली घातली आणि बॅगेचा पट्टा नीट केला. वैशालीनं माझ्या चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. ती मुलगी माझ्याच बसमध्ये चढली, पुढच्या सीटवर बसली, आणि आदिलाबादला माझ्याआधी उतरून गेली. पुढे तिनं काय घेतलं ते मला ठाऊक नाही. मी शोध घेतला नाही.

त्या खोलीत मी घाबरलो होतो, असं म्हणता येईल. इचोड्याला घाबरण्यासारखं काही नव्हतं. कंपनी बंद झाली होती, साहेब निवृत्त होऊन गेले होते, माझं कोणी काही करणार नव्हतं. समोर एक मुलगी उभी होती आणि तिला एक वाक्य हवं होतं. ते वाक्य मला माहीत होतं. मी दुसरं सांगितलं.